ॲक्रोसिनचा ठावठिकाणा आणि त्याच्यावर लादलेले काम

ॲक्रोसिन हे प्रथिने तोडणारे विकर सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूत कुठे असते, यावर आज वाद उरलेला नाही. शुक्राणूच्या केंद्रकावर ॲक्रोसोम नावाची चपटी पिशवी टोपीसारखी बसलेली असते आणि ॲक्रोसिन तिच्या आत असते. वाद आहे तो या वाक्याला चिकटून येणाऱ्या पुढच्या वाक्याबद्दल. पाठ्यपुस्तके, शिकवण्यांच्या नोट्स, आरोग्यविषयक सदरे, सगळीकडे ते जवळजवळ त्याच शब्दांत भेटते: अंडपेशीजवळ पोचल्यावर ॲक्रोसोम फुटतो, आतली विकरे बाहेर सांडतात, हायल्युरोनिडेज अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळवते, ॲक्रोसिन झोना पेल्युसिडा या जाड वेष्टनाला भोक पाडते आणि त्या भोकातून शुक्राणू आत शिरतो. पहिले वाक्य निरीक्षणाचे आहे, दुसरे अनुमानाचे. ते काढले गेले तेव्हा वाजवी होते, पण आज ते सिद्ध झालेली गोष्ट म्हणून शिकवणे चूक आहे. ही चूक केवळ फलनाच्या क्षणापुरती नाही. घडत्या शुक्रपेशीत हे विकर कसे बनते, कुठे ठेवले जाते आणि कशाच्या पहाऱ्यात राहते, तिकडे डोळेझाक केल्यामुळे ती टिकून राहिली आहे.

अनुमानाचा पाया १९५० ते १९७० या दोन दशकांत रचला गेला. १९५२ मध्ये जीन क्लार्क डॅन यांनी जपानमध्ये सी अर्चिनच्या शुक्राणूंचा ॲक्रोसोम अंड्याच्या सान्निध्यात बदलतो हे दाखवले. १९५५ मध्ये क्रिस्तियान द द्यूव यांनी लयकारिका ही पाचक विकरांची पिशवी पेशीविज्ञानात आणली, आणि पेशीत पटलाने वेढलेले विकरांचे कोठार दिसले की ते पचनासाठीच असणार असा विचार करण्याची सवय लागली. १९६५ मध्ये श्रीवास्तव, ॲडम्स आणि हार्ट्री यांनी शुक्राणूंच्या ॲक्रोसोमचा अर्क सशाच्या अंडपेशीवर घालून त्याचा परिणाम पाहिला. १९६८ मध्ये स्टॅम्बॉ आणि बकली यांनी सशाच्या शुक्राणूच्या डोक्यात झोना विरघळवू शकणारे, ट्रिप्सिनसारखे विकर असल्याचे जाहीर केले. १९७० मध्ये ॲलिसन आणि हार्ट्री यांनी ॲक्रोसोम म्हणजे लयकारिकेचाच खास अवतार, ही कल्पना पुरत्या जोराने मांडली. साखळी पूर्ण झाली: विकर तिथे आहे, काचेच्या बशीत ते झोना विरघळवते, म्हणून शरीरातही ते तेच करते.

या साखळीतली मधली कडीच कच्ची आहे. बशीत पुरेशा प्रमाणात घातलेले ट्रिप्सिनही झोना विरघळवते, आणि ट्रिप्सिन स्वादुपिंडातले असते. विरघळवण्याची क्षमता हाच पुरावा मानायचा तर फलनाचे थोडे श्रेय स्वादुपिंडालाही द्यावे लागेल! शुक्राणूंचे लाखो ॲक्रोसोम फोडून मिळवलेल्या अर्कातले विकराचे प्रमाण आणि एकट्या शुक्राणूच्या टोपीत मावेल तेवढे प्रमाण यांत केवढे अंतर आहे, हाही प्रश्न त्या काळात फारसा कोणी विचारला नाही.

पहिली कडीही वाटते तितकी भक्कम नव्हती. ‘ॲक्रोसोमचा अर्क’ म्हणजे शुद्ध ॲक्रोसोम नव्हे. अधिवृषणातून जाणाऱ्या शुक्राणूच्या शेपटीच्या मध्यभागाला पेशीद्रवाचा एक थेंब चिकटलेला असतो, पेशीचा पसारा आवरताना मागे राहिलेला. डॉट आणि डिंगल यांनी १९६८ मध्येच बैल आणि मेंढ्याच्या शुक्राणूंत लयकारिकेच्या विकरांची वाटणी तपासली होती आणि या थेंबाचा हिशेब वेगळा मांडला होता. म्हणजे शुक्राणू फोडून मिळालेल्या द्रवात एखादे विकर सापडले, तर ते टोपीतले, थेंबातले की वीर्यद्रवातून पृष्ठभागावर चिकटलेले, हे आधी ठरवावे लागते. त्या काळात ॲक्रोसोमच्या नावावर जमा झालेल्या विकरांची यादी फुगण्यामागे ही ढिलाई बरीच कारणीभूत आहे. ॲक्रोसिन या छाननीतून तरले, कारण पुढे प्रतिपिंडांनी त्याची जागा पेशीतल्या पेशीत दाखवता आली.

ती जागा नीट पाहायची तर तयार शुक्राणू सोडून वृषणाच्या नलिकेत जावे लागते. १९५२ मध्ये लेब्लाँ आणि क्लेरमाँ यांनी शर्करायुक्त प्रथिनांना किरमिजी-गुलाबी रंग देणाऱ्या पीएएस पद्धतीने उंदराहून मोठ्या जातीच्या, म्हणजे रॅटच्या, वृषणाचे छेद रंगवले. विभाजने संपवून शुक्राणू होण्याच्या वाटेवर असलेल्या गोल पेशीच्या, म्हणजे स्पर्मॅटिडच्या, केंद्रकाशेजारी, गॉल्जी पिंडाच्या कुशीत, आधी गुलाबी ठिपके दिसतात. ते एकत्र येऊन एक पुटिका होते, तिच्यात एक गडद कण असतो आणि ती केंद्रकाला एका बाजूने चिकटते. मग पुटिका केंद्रकावर पसरत जाते आणि टोपी होते. त्यानंतर केंद्रक लांबट होऊ लागते, टोपीची बाजू नलिकेच्या भिंतीकडे वळते, आणि शेवटी जादा पेशीद्रव टाकून दिला जातो. तो सर्टोली पेशी गिळतात. या बदलांचे त्यांनी रॅटमध्ये १९ टप्पे केले. आजही वृषणाचा छेद वाचणारा माणूस नलिकेचा टप्पा ठरवतो तो याच गुलाबी टोपीच्या आकारावरून.

या चित्रावरून दीर्घकाळ असे समजले गेले की ॲक्रोसोमचा कारभार गोल स्पर्मॅटिडपासून सुरू होतो. १९९० मध्ये अनाक्वे आणि गर्टन यांनी गिनीपिगमध्ये ॲक्रोग्रॅनिन या ॲक्रोसोमच्या प्रथिनावरून ती सुरुवात अर्धसूत्री विभाजनाच्या काळातच होते असे दाखवले. १९९१ मध्ये डेनिस एस्कालिए आणि सहकाऱ्यांनी मानवी वृषणात ॲक्रोसिनचे पूर्वरूप, प्रोॲक्रोसिन, मध्य पॅकिटीन अवस्थेतल्या प्राथमिक स्पर्मॅटोसाइटच्या गॉल्जी पिंडात पकडले आणि पुढच्या दोन विभाजनांत ते कन्यापेशींमध्ये कसे वाटले जाते तेही टिपले. या पेशीला ना डोके असते ना शेपटी. तिची गुणसूत्रे अजून जोड्या लावून बसलेली असतात. झोना भेदण्याचे काम तिच्या वंशजांच्या वाट्याला यायला कित्येक आठवडे अवकाश असतो. तरी विकर बनू लागलेले असते.

इथे एक सावधगिरी हवी. घडत्या शुक्रपेशीत जनुकाचा आरएनए दिसणे आणि प्रथिन दिसणे या दोन वेगळ्या घटना आहेत. केंद्रकातला डीएनए घट्ट आवळला जाऊ लागला की नवे आरएनए बनणे थांबते, म्हणून ही पेशी पुष्कळ आरएनए आधी बनवून साठवते आणि गरजेप्रमाणे नंतर वापरते. डीएनए आवळणाऱ्या प्रोटामिन प्रथिनांची गोष्ट अशीच आहे. शिवाय शेजारच्या स्पर्मॅटिड पेशीद्रवाच्या पुलांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीत बनलेले दुसरीत पोचते. तरीही हा नियम सरसकट लागू होत नाही: उंदरात पीएच-२० या हायल्युरोनिडेजचे वाटप पुलांवरून होत नाही असे २००१ मध्ये झेंग, डेंग आणि मार्टिन-डिलिऑन यांनी दाखवले. म्हणून ‘अमुक पेशीत अमुक विकराचे जनुक चालू आहे’ एवढ्यावरून विकराची जागा सांगणारा निष्कर्ष अर्धाच असतो. एस्कालिए यांच्या कामाचे वजन यासाठी की त्यांनी प्रत्यक्ष प्रथिन दाखवले.

आठवडेच्या आठवडे प्रथिनभक्षक विकर पोटात बाळगणारी पेशी स्वतः पचून कशी जात नाही? या प्रश्नाच्या उत्तरातच ‘विकरांची पिशवी’ या कल्पनेचा पहिला पराभव आहे. विकर निष्क्रिय पूर्वरूपात ठेवलेले असते. पिशवीचा सामू सुमारे ५, म्हणजे आम्लधर्मी असतो आणि त्या सामूला पूर्वरूप स्वतःला कापून सक्रिय होत नाही. त्यातच एसीआरबीपी हे प्रथिन त्याला बिलगून बसते. २०१६ मध्ये कानेमोरी आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा ॲक्रोसोमचा गडद कण नीट जमलाच नाही, टोपी विस्कटली आणि नरांची प्रजननक्षमता फार घटली. या प्रथिनाची एक आवृत्ती कण बांधते, दुसरी प्रोॲक्रोसिनला वेळेआधी जागे होऊ देत नाही. म्हणजे आतला ऐवज सुट्या रसासारखा हिंदकळत नसतो. तो जाळीदार, रचना असलेला आधारद्रव्याचा गोळा असतो, आणि ॲक्रोसोम उघडल्यावर त्यातले काही घटक पटकन सुटतात, काही रेंगाळतात.

लयकारिकेशी लावलेले नातेही याच ठिकाणी सैल होते. मार्तिनेझ-मेनार्गेझ, गॉइझे आणि बायेस्ता यांनी १९९६ मध्ये लयकारिकेची ओळख पटवणारी चिन्हे घडत्या ॲक्रोसोममध्ये शोधली आणि ॲक्रोसोमचा उगम लयकारिकेतून नाही, असा निष्कर्ष काढला. ॲक्रोसोम ही पुढे एकदाच उघडणारी स्रावी पिशवी आहे, या अर्थाने त्याला लयकारिकेचा नातलग म्हणणारे संशोधक आजही आहेत, आणि तेवढ्या मर्यादेत त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. मात्र नातलग आहे म्हणून कामही पचनाचेच असणार, हे त्यातून निघत नाही.

शुक्राणूतल्या दुसऱ्या एका विकराने तर जागेवरून काम ओळखण्याच्या सवयीची पुरती फजिती केली आहे. जीपीएक्स-४ हे सेलेनियमयुक्त विकर स्पर्मॅटिडमध्ये विरघळलेले आणि सक्रिय असते. पेशीतल्या मेदांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणे हे त्याचे परिचित काम. तयार शुक्राणूत ते शेपटीच्या मध्यभागात तंतुकणिकांभोवती भरपूर सापडते. साहजिक निष्कर्ष असा की तिथेही ते रक्षणच करत असणार. उर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की तिथे ते विकर म्हणून मेलेले असते. त्याचे रेणू एकमेकांत गुंतून न विरघळणारे होतात आणि तंतुकणिकांच्या वेष्टनाचा निदान निम्मा भाग त्यांचाच असतो. रेणू तोच, पण स्पर्मॅटिडमधले काम संपले आणि शेपटीत तो बांधकामाचे साहित्य झाला.

उलट टोकाचा दाखलाही आहे आणि तो दडवून चालणार नाही. जीएपीडीएस हे साखर मोडण्याच्या साखळीतले, फक्त शुक्रपेशीत आढळणारे विकर शेपटीच्या मुख्य भागातल्या तंतुमय आवरणाला बांधलेले असते. मिकी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते उंदरातून काढून टाकले, तेव्हा तंतुकणिकांचा ऑक्सिजनचा वापर जसाच्या तसा राहूनही शुक्राणूंतील एटीपी नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले आणि ते जागच्या जागी वळवळत राहिले. इथे जागेने काम बरोबर सुचवले होते. दोन्ही दाखल्यांत निर्णय झाला तो विकर काढून घेतल्यावर किंवा त्याची सक्रियता मोजल्यावर. ते कुठे बसले आहे एवढ्यावरून झाला नाही.

ॲक्रोसिनची ही परीक्षा १९९४ मध्ये झाली. तादाशी बाबा आणि सहकाऱ्यांनी ॲक्रोसिनचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे नर वंध्य असायला हवे होते. ते प्रजननक्षम निघाले. बशीत त्यांचे शुक्राणू झोना ओलांडायला थोडा उशीर करत, पण ओलांडत. हा उशीर कशाचा, याचे उत्तर १९९८ मध्ये यामागाता आणि सहकाऱ्यांनी दिले: ॲक्रोसिन नसेल तर ॲक्रोसोम उघडल्यावर आतली प्रथिने पांगायला वेळ लागतो. म्हणजे उंदरात ॲक्रोसिनचा पहिला घास झोना नव्हे. ज्या गोळ्यात ते आठवडेभर कोंडलेले होते, तो गोळाच. घडत्या पेशीतली त्याची जागा मुळापासून पाहिली असती, तर ही शक्यता आधीच सुचायला हरकत नव्हती. हायल्युरोनिडेजचेही तसेच. २००२ मध्ये पीएच-२० नसलेले उंदीर तयार झाले, तेही प्रजननक्षम. क्युम्युलस पेशी सुट्या व्हायला उशीर, एवढाच फरक.

जुन्या मताचे समर्थक यावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की ट्रिप्सिनरोधक रसायने घातली की फलन अडते, मग विकर लागतेच ना? रोधक रसायन एकाच विकराला ओळखत नाही, हे त्याचे उत्तर. १९९८ मध्येच यामागाता यांनी ॲक्रोसिन नसलेल्या शुक्राणूंवर असा रोधक घातला आणि त्यांचाही झोनाप्रवेश अडला. जे विकर तिथे नाहीच त्याला रोधकाने अडवले असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक सकस आहे: एक विकर काढले तर दुसरे त्याची जागा घेते. हे काही अंशी खरे आहे. ॲक्रोसिन आणि पीआरएसएस-२१ ही दोन्ही विकरे नसलेल्या उंदरांची प्रजननक्षमता घटते आणि त्यांचे शुक्राणू बशीत फलन करू शकत नाहीत, हे २०१० मध्ये कावानो आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पण या प्रयोगात अडचण आली ती मुख्यतः क्युम्युलस थर ओलांडण्यात आणि झोनाला चिकटण्यात, आणि पीआरएसएस-२१ हे ॲक्रोसोममधून सांडणारे विकर नसून पटलाला बांधलेले आहे. पर्यायी विकरे आहेत एवढे मान्य केले, तरी ॲक्रोसोमचा रस ओतून वाट पडते असे त्यातून सिद्ध होत नाही.

जुन्या मताला सर्वांत जड गेलेला पुरावा वेळेचा आहे. ॲक्रोसिनचा भाग जोडलेले हिरवे चमकणारे प्रथिन ॲक्रोसोममध्ये असलेल्या उंदरांचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहता येतात. हिरवेपणा गेला की ॲक्रोसोम उघडला. २०११ मध्ये जिन, हिरोहाशी आणि सहकाऱ्यांनी बशीतल्या फलनात हे चित्रित केले, तेव्हा यशस्वी ठरलेल्या बहुतेक शुक्राणूंनी झोनाला स्पर्श होण्याआधीच ॲक्रोसोम उघडायला घेतला होता. त्याच वर्षी इनोउए, ओकाबे, यानागिमाची आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन पाहिले. सीडी-९ प्रथिन नसलेल्या मादीच्या अंडपेशीशी शुक्राणूचा संयोग होत नाही, म्हणून झोना ओलांडलेले शुक्राणू आतल्या पोकळीत अडकून राहतात. ते बाहेर काढून ताज्या अंडपेशींना दिले. ॲक्रोसोम केव्हाच रिकामा झालेले हे शुक्राणू दुसऱ्यांदा झोना ओलांडून गेले आणि त्यांनी फलन केले. सांडण्यासारखे काही उरलेले नसताना वाट पाडली ती शेपटीच्या जोराने आणि आतल्या पटलावर जे काही शिल्लक होते त्याने. मायकेल बेडफर्ड यांनी १९९८ मध्ये हेच रचनेच्या बाजूने मांडले होते: अपरास्तनी प्राण्यांचा झोना जाड आणि चिवट, त्यांच्या शुक्राणूचे डोके चपटे आणि डायसल्फाइड बंधांनी ताठ, आणि झोनात मागे राहणारी फट डोक्याएवढीच अरुंद, स्वच्छ कडांची असते. विरघळलेल्या जागेच्या कडा अशा नसतात.

इथवर आल्यावर उलट घोषणा करण्याचा मोह होतो, की ॲक्रोसिन निरुपयोगी. तीही तितकीच चूक आहे, आणि ती उंदरालाच सस्तन प्राणी समजण्यातून येते. २०१७ मध्ये इसोतानी आणि सहकाऱ्यांनी ॲक्रोसिन नसलेले रॅट तयार केले. त्यांच्या शुक्राणूंना क्युम्युलस थर ओलांडायला उशीर लागला. २०२० मध्ये हिरोसे आणि सहकाऱ्यांनी सोनेरी हॅम्स्टरमध्ये तोच प्रयोग केला आणि नर पूर्ण वंध्य निघाले. शुक्राणू झोनाला चिकटत, पण पार होत नसत. झोना काढून टाकलेल्या अंडपेशीचे मात्र ते फलन करत. हॅम्स्टरच्या बाबतीत जुने वाक्य निम्मे तरी खरे ठरते: झोना ओलांडायला ॲक्रोसिन अनिवार्य आहे. झोनाची बांधणी प्राण्यागणिक वेगळी असते. उंदराच्या झोनात तीन प्रथिने, हॅम्स्टर, रॅट आणि माणसाच्या झोनात चार. पण एवढ्याने फरक उलगडत नाही, कारण रॅटच्या झोनातही चारच आहेत. जोर आणि विकर यांचे प्रमाण जातीनुसार बदलते, एवढे या तीन प्राण्यांवरून ठामपणे म्हणता येते. कोणत्याही एका जातीवरून सगळ्यांसाठी वाक्य लिहिता येत नाही, ना जुने, ना त्याच्या उलटे.

पाठ्यपुस्तकातली ही चूक प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत पोचते. पुरुषाच्या वंध्यत्वाच्या तपासणीत ॲक्रोसिनची सक्रियता मोजण्याची चाचणी आहे. डिटर्जंटने शुक्राणू फोडायचे, सामू ८ च्या आसपास ठेवायचा आणि कृत्रिम पदार्थ तुटून येणारा पिवळा रंग मोजायचा. अशा परिस्थितीत साठवलेले पूर्वरूपही सक्रिय होते. म्हणून ही संख्या सांगते ती ॲक्रोसोमच्या साठ्याची स्थिती. आकडा कमी आला की ‘शुक्राणूला वेष्टन भेदता येत नाही’ असे सांगणे हा त्या संख्येचा अर्थ नव्हे. विकर कमी असण्याचे कारण पुष्कळदा ॲक्रोसोम घडतानाच बिघडणे हे असते. गोल डोक्याच्या शुक्राणूंचा विकार, ग्लोबोझूस्पर्मिया, हे त्याचे टोक. डीपीवाय-१९एल-२ या जनुकातला दोष हे त्याचे मोठे कारण असल्याचे २०११ मध्ये समजले. त्याचे प्रथिन केंद्रकाच्या आतल्या पटलात बसून ॲक्रोसोमला केंद्रकाशी बांधून ठेवते, आणि ते नसले की टोपी सुटून जाते. ॲक्रोसोम म्हणजे केवळ भोक पाडण्याचे साधन असते, तर शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडणाऱ्या इक्सी पद्धतीने या रुग्णांचा प्रश्न मिटायला हवा होता, कारण तिथे ओलांडायला झोना उरतच नाही. तसे होत नाही. पुष्कळदा अंडपेशी जागीच होत नाही. तिला जागे करणारे पीएलसी-झीटा हे विकर ॲक्रोसोमखाली केंद्रकाभोवती असलेल्या आवरणात असते, आणि टोपीबरोबर तेही हरवलेले किंवा घटलेले असते. म्हणून अशा अंडपेशींना इक्सीनंतर कॅल्शियम आत सोडणाऱ्या आयनोफोर रसायनाने वेगळे उद्दीपन द्यावे लागते.